सात घरांचा विद्यार्थी

गेल्या हिवाळ्यात खोबरच्या कॉर्निशवर फिरत असताना लेकीच्या शेजारी राहणाऱ्या बाई भेटल्या. चार पावले बरोबर चालल्या आणि म्हणाल्या, "काका, मुलगा बारावीला आहे. निकाल लागला की पुण्याला पाठवणार. तिकडे कोणी ओळखीचं आहे का?" मी विचारले, प्रवेशासाठी का? "नाही हो, प्रवेश होईल. खोलीही बघून ठेवली आहे. पण तरी... कोणीतरी असावं."

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इतिहासावर काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मला पेशवाई किंवा गडकिल्ले सुचायला हवे होते. सुचले ते त्या बाईंचे "कोणीतरी असावं". महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासात हा प्रश्न शाळांइतकाच जुना आहे. घर सोडून शिकायला आलेल्या पोराच्या जेवणाची, आजारपणाची, कागदपत्रांची आणि अडल्यानडल्याची चौकशी कोणी करायची, आणि तीही फुकट, हा तो प्रश्न.

माझे वडील १९३३ साली राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्यात शिकायला आले. त्यांच्या मृत्यूनंतर ट्रंकेत एक लहान वही सापडली. पहिल्या पानावर सात वार एकाखाली एक लिहिलेले, आणि प्रत्येकापुढे एकेका घराचे नाव. याला 'वार लावून जेवणे' म्हणत. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो : गरीब विद्यार्थी सात घरी जाऊन विचारायचा, आणि एकेका घराने आठवड्यातला एक दिवस त्याला जेवू घालायचे कबूल करायचे. ज्याला वार मिळत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. वडिलांच्या वहीत सहाच घरे होती. गुरुवारपुढे काही नव्हते. ते जन्मभर गुरुवारचा उपास करत. आम्ही भावंडे ती दत्तभक्ती समजत होतो.

या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. त्यातली माणुसकी खरी होती, मी तिच्यावरच वाढलो. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक म्हणजे वार मिळायचा तो बहुतेक ब्राह्मणाच्या मुलालाच. कुणब्याच्या, चांभाराच्या किंवा महाराच्या पोराने कुणाच्या ओसरीवर जाऊन वार मागावा, अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती. दुसरी गोष्ट मला वडिलांच्या एका आठवणीमुळे कळली. दुसऱ्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला. तीन आठवडे ते खोलीवर पडून होते. सहाही घरांना वाटले, पोरगा गावी गेला असेल. सोमवारच्या घराला सोमवारचा मुलगा माहीत, शुक्रवारच्या घराला शुक्रवारचा. सगळा मुलगा कोणालाच माहीत नव्हता. शेवटी मंगळवारच्या घरातल्या आजींनी नातवाला खोलीवर पाठवले. मग त्यांनीच बाकीची पाच घरे शोधून काढली, पेज कोण देणार आणि वैद्याचे पैसे कोण देणार हे ठरवले, आणि शाळेत मास्तरांना निरोप धाडला. या आजींना पुढे आपण पुन्हा भेटू.

पहिल्या उणिवेला उत्तर मिळाले ते कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे काढली म्हणून महाराजांना आज कोणी नावे ठेवतो, पण ज्याला कोणाच्याच ओसरीवर जागा नव्हती त्याला स्वतःचे छप्पर मिळाले ते तिथेच. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक दांडगा विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर अंघोळ करायला तयार झाला नाही, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत येते. या विद्यार्थ्याने १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना विकला आणि शेवटी मंगळसूत्रही. मुलांना बोर्डिंगात काम करावे लागे. त्यामागे काटकसर होती तशी आणखी एक जाण होती. वाराचे जेवण मान खाली घालून जेवावे लागते. स्वतः राबून मिळवलेली भाकरी तशी जेवावी लागत नाही. माझ्या वडिलांनी ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही, पण कोणाच्या घरी पंगतीला दुसऱ्यांदा वाढून घेताना मी त्यांना पाहिले नाही.

सगळा मुलगा पाहणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण मात्र संस्थेचे नाही, मुंबईतल्या एका बागेतले आहे. शाळा सुटली की एक मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. घरी, परळच्या चाळीतल्या एका खोलीत, वाचायला जागा नव्हती. कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक त्याच बागेत येत. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि काय वाचावे ते सांगितले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कार सभेत त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. मुलगा इंटर झाला आणि पैसा संपला, तेव्हा हेच केळुसकर त्याच्यासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून आले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टनमधल्या म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तके दिली आणि कपडेही दिले. भीमराव आंबेडकर १९१२ साली बी.ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत 'गुरूची पारख' म्हणून येते. मी ती वेगळ्या कारणासाठी सांगतो. केळुसकरांनी दिलेली रक्कम फार नव्हती. वाचायला जागा नाही, घरची ओढाताण, पुढची फी, दार उघडू शकणारा माणूस कोण, ही मुलाची सगळी अडचण एका डोक्यात साठवून ते वर्षानुवर्षे चालत राहिले. आणि हे सारे एका बाकावर बसण्याच्या योगायोगावर अवलंबून होते. जो मुलगा बागेत बसला नाही, त्याचे काय? बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपल्या वाट्याला आलेला योगायोग इतरांच्या हक्काचा व्हावा, असा त्याचा अर्थ मी लावतो.

योगायोगाची विद्या होण्याचे कामही मुंबईतच घडले. १९२४ साली मुंबई प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा झाला. मद्रास आणि बंगालमध्ये तो आधीच झाला होता. पोलिसांनी पकडलेल्या किंवा रस्त्यावर सापडलेल्या मुलाला तुरुंगात टाकण्याआधी कोणीतरी त्याच्या घरी जावे, आई-बाप, शाळा, शेजार पाहावा आणि न्यायाधीशाला सांगावे, ही कल्पना त्यातून रुजली. तीन वर्षांनी चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. त्याच सुमारास क्लिफर्ड मॅनशर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाउस चालवत होते. त्या वास्तूत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघाले, आणि १९४६ साली जे.जे. रुग्णालयात समाजसेविकेची नेमणूक झाली.

या शाळेत शिकवले काय जायचे? मेरी रिचमंड या अमेरिकन बाईंनी १९१७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याचे सार असे : अडचणीतल्या माणसाला मदत देण्याआधी त्याची सगळी हकीगत शांतपणे ऐका, लिहून ठेवा, ज्यांच्याशी त्याचा संबंध येतो त्यांना भेटा, आणि मग त्याच्याच बरोबर बसून पुढचे ठरवा. मग महिन्याने पुन्हा पाहा. सरकारी दवाखान्यात आपण 'केसपेपर काढतो', त्यातली केस ती हीच. आता जगभर याला 'केस मॅनेजमेंट' म्हणतात. मराठीत 'प्रकरण व्यवस्थापन' असा भयंकर शब्द कोणीतरी करील, म्हणून मी इंग्रजीच ठेवतो. मंगळवारच्या आजींनी नेमके हेच केले होते, फक्त त्यांनी फाईल उघडली नव्हती. मात्र टाटा संस्थेत दोन नियम शिकवत, जे आजींना माहीत असण्याचे कारण नव्हते. सांगितलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये, आणि मुलाच्या चुकीचा निवाडा करत बसायचे नाही.

पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली. खेड्यातून आलेल्या गरजू मुलांना राहायला जागा आणि जेवण, त्याबदल्यात रोजचे काम. मी शिकवत असताना समितीची मुले वर्गात ओळखू येत. अभ्यासात ती सगळीच पुढे नसत, पण आजारी पडली तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी चौकशीला येई.

१९९६ साली टाटा संस्थेतल्याच प्राध्यापिका जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत १०९८ हा फोन सुरू केला. रस्त्यावरच्या मुलांनी रात्रीबेरात्री फुकट फिरवावा असा तो क्रमांक. मुले त्याला 'दस-नौ-आठ' म्हणत. आज तो देशभर आहे. पण तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री मूल मोठे होत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याला हे दिसले. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला त्यानंतरही मदत द्यावी, अशी तरतूद त्याने कलम ४६ मध्ये केली. अंमल किती होतो, हा वेगळा विषय. एखाद्या कागदावर आयुष्य कसे अडते ते महाराष्ट्राने २०१८च्या सुमारास पाहिले. अनाथाश्रमात वाढलेली एक मुलगी स्पर्धा परीक्षेत पुरेसे गुण मिळवूनही मागे राहिली. आई-बापच माहीत नसल्यामुळे उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला ती आणणार कुठून? तिने पाठपुरावा केला, तेव्हा राज्यात अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आले.

तुम्ही म्हणाल, हे सगळे अनाथांचे आणि गरिबांचे. आमची मुले दम्माम, रियाध, जेद्दाच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूलमध्ये शिकलेली, सुखवस्तू घरांतली. खरे आहे. पण या शाळा बारावीपर्यंतच्या. अठराव्या वर्षी बहुतेक मुले एकटी भारतात जातात, आणि ज्या देशाला ती 'घर' म्हणतात तिथे आजवर फक्त सुट्टीत राहिलेली असतात. महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागायला गेले तर पंधरा वर्षांचे वास्तव्य विचारतात. आधार कार्ड २०१९ पासून भारतीय पारपत्रावर भारतात पोहोचताच काढता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. सीबीएसईचे मायग्रेशन सर्टिफिकेट, विद्यापीठाची एलिजिबिलिटी, बँकेत खाते अनिवासी की साधे. घरमालकाला स्थानिक पालक हवा असतो. इकडे एक्झिट-रीएन्ट्रीची मुदत टळली की इकामा जातो, आणि आई-बापांच्या घरी परतायला मुलाला व्हिजिट व्हिसा लागतो. त्यात जुलै २०१७ पासून कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल आकारणी सुरू झाली आणि ती २०२० पर्यंत ४०० वर गेली. कितीतरी घरे तेव्हा दुभंगली : बाप इथे, आई एका गावी, मुलगा दुसऱ्या शहरात.

सोयी नाहीत असे नाही. परदेशस्थ विद्यार्थ्यांच्या थेट प्रवेशाच्या योजनेत आखाती देशांत काम करणाऱ्यांच्या मुलांचा वेगळा वर्ग आहे, आणि त्यांना शिक्षणशुल्क देशातल्या मुलांइतकेच पडते. परराष्ट्र खात्याची परदेशस्थांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती २००६-०७ पासून आहे. दूतावासाकडे २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे. तो प्रामुख्याने संकटात सापडलेल्या कामगारांसाठी आहे, आणि तसाच असावा. पण प्रत्येक सोय म्हणजे वाराचे एक घर झाले. एकाला फी माहीत, दुसऱ्याला व्हिसा, तिसऱ्याला हजेरी.

इतिहासाच्या मास्तराची एक सवय माफ करा. या मुलांना ज्या शब्दांशी झुंजावे लागते ते पाहा : अर्ज, दाखला, मुदत, तक्रार, जामीन. मोडी कागदांत हे पानोपानी भेटतात, आणि सगळेच्या सगळे मुळात अरबी. इथल्या अरबीतला एक शब्द मात्र आपण अर्धाच उचलला. 'कफील' म्हटले की आपल्याला इकाम्याचा धनी आठवतो. त्याच धातूपासूनचा 'कफाला' हा शब्द अरबीत अनाथ मुलाची जबाबदारी पत्करण्यालाही वापरतात. जो दुसऱ्याबद्दल उत्तर द्यायला बांधला जातो, तो कफील.

आता माझ्या हातून राहिलेले एक प्रकरण. १९९०च्या दशकात माझ्या वर्गात आखातातून आलेला एक मुलगा होता. पेठेत कॉटबेसिसवर राहायचा. नोव्हेंबरात तो दिसेनासा झाला. हजेरी भरली नाही म्हणून विभागप्रमुख या नात्याने मी त्याचे नाव यादीत घातले आणि सही केली. नंतर जे कळले ते असे : वडिलांचा ड्राफ्ट उशिरा आला, म्हणून मेसवाल्याने डबा बंद केला. स्थानिक पालक म्हणून ज्या काकांचे नाव होते त्यांची बदली झाली होती. एका कागदावाचून कार्यालयाने परीक्षेचा अर्ज अडवला होता. आणि या सगळ्यात त्याला कावीळ झाली होती. मेसवाला, कारकून, काका आणि मी, आम्ही चौघांनीही आपापल्या नियमाप्रमाणेच वागलो. डिसेंबरात वडील आले आणि त्याला घेऊन गेले. जाण्याआधी ते मला भेटले. रागावले नाहीत. म्हणाले, "सर, त्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं." मी विचारले असते तर त्याने सांगितले असते, हे मला त्याच क्षणी कळले. तो मुलगा परत आला नाही.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी एक वही ठेवली. बाहेरून आलेल्या मुलांची नावे, राहण्याची जागा, जेवण कुठे, पैसे कसे येतात, कोणता कागद बाकी आहे, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास. फार मुलांना पुरे पडता आले नाही, एका वर्षी नऊ झाली तेव्हा धाप लागली. काही प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे होते. व्यसनाचे दोन, आणि एक असे की त्या मुलीला मी तातडीने डॉक्टरकडे नेले. आपल्याला काय जमत नाही हे ओळखणे, हाही या कामाचा भाग आहे.

म्हणून त्या बाईंना मी "ओळखीचं आहे" असे न म्हणता एक प्रश्न विचारला : मुलाला चालेल का? आपल्या मंडळात शंभर घरे, आणि बातमी शंभर घरांत एका संध्याकाळी पोहोचते. गणपतीत एका मुलाने मला सांगितले होते, "आजोबा, नापास झालो तर घरी कळायच्या आधी मंडळात कळतं." मुलाने काय सांगितले ते त्याच्या परवानगीशिवाय आई-वडिलांनाही सांगायचे नाही, जीवाचा धोका असेल तेवढाच अपवाद, ही अट पालकांना मान्य असेल तरच हे काम जमते. बाई दोन मिनिटे गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कठीण आहे, काका. पण चालेल."

मुलगा जूनमध्ये गेला. माझ्या एका निवृत्त सहकारी बाई पुण्यात दर पंधरा दिवसांनी त्याला भेटतात. काय बोलतात ते मला माहीत नाही. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलामुलींनी स्वतः, पालकांमार्फत नव्हे, मंडळाच्या चिटणिसांकडे नाव द्यावे. पैसे लागत नाहीत. पुण्यात आम्ही पाच जण आहोत, मुंबईत दोन, नाशिकला एक. एकाकडे चारांपेक्षा जास्त मुले द्यायची नाहीत असे ठरले आहे. नागपूरला अजून कोणी मिळालेले नाही. कोणाचे आई-वडील किंवा सासू-सासरे तिकडे असतील आणि त्यांना मुलांची आवड असेल, तर कळवावे.